तात्यांचं चार दिवसांचं लंडन

तिकीट काढायला आलेला माणूस खरं कारण सांगत नाही, हे मला नोकरीच्या पहिल्याच महिन्यात कळलं. काशीला निघालेला म्हणतो, आईची इच्छा आहे. चौकशी केली की कळतं, भावकीच्या वादात साक्ष द्यायची वेळ आली म्हणून गडी गावाबाहेर पडतोय. तिरुपतीला नवस फेडायला जोडपं जातं आणि बाई पुढच्या सीटवर, बुवा मागच्या, जातानाही आणि येतानाही. आमच्या धंद्यात त्याचं काही अडत नसे. वकिलाला कागद दाखवावे लागतात, डॉक्टरला पोट. तिकीटवाल्याला नुसतं गावाचं नाव सांगितलं की भागतं. पण माझा स्वभावच संशयी. दुधानं तोंड पोळण्याआधीच ही ताक फुंकून पिते, असं आई म्हणायची.

सांगलीत एस.टी. स्टँडजवळ एका कापडदुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस होतं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी टायपिस्ट म्हणून लागले आणि दोनेक वर्षांत बुकिंगच्या टेबलावर बसले. मालकांना सगळे काका म्हणत, म्हणून मीही. यात्रेच्या बसगाड्या हा मुख्य धंदा. त्याखेरीज मिरजेहून सुटणाऱ्या गाड्यांची रिझर्वेशनं, हजला जाणाऱ्या कुटुंबांची कागदपत्रं, पुढं पुढं आखाताकडं निघालेले गवंडी आणि शिंपी. विमानाचं तिकीट क्वचित. ते निघालं की काका स्वतः उठून पंखा एक आकडा वाढवत.

परदेशी जाणं तेव्हा सोपं नव्हतं. पासपोर्ट मुंबईहून यायचा आणि त्याआधी पोलीस घरी येऊन चौकशी करायचे. परकी चलन हवं तर रिझर्व्ह बँकेची परवानगी. एवढं सगळं करून माणूस शिकायला जायचा, नोकरीला जायचा. गेला की वर्षानुवर्षं यायचा नाही. त्यामुळं धोतर, पांढरा फेटा आणि करकरणाऱ्या वहाणा अशा थाटात एक गृहस्थ माडी चढून आले आणि म्हणाले, "लंडनला जायाचंय. चार दिस," तेव्हा माझी बोटं टाइपरायटरवरच थांबली.

"कामासाठी?" मी विचारलं.

"न्हाई. फिराया."

नाव बाजीराव, लोक तात्या म्हणत. इस्लामपूरच्या पलीकडच्या एका गावचे, घरचा ऊस. तरुणपणी फौजेत होते आणि लढाईत इटलीपर्यंत जाऊन आले होते. "विलायत मला नवी न्हाई, बाई," ते म्हणाले. "फकस्त लंडन ऱ्हायलंय."

मी त्यांना लंडनमध्ये काय काय बघण्यासारखं आहे ते सांगू लागले. राणीचा वाडा, नदी, मोठं घड्याळ. ते फेटा खाजवत ऐकत होते, पण डोळे भिंतीवरच्या कॅलेंडरकडं. मग खिशातून चिठ्ठी काढून म्हणाले, "ह्या आळीच्या जवळ उतरायची सोय बघा." चिठ्ठीवर लंडनच्या कुठल्याशा उपनगरातल्या एका गल्लीचं नाव होतं. राणीचा वाडा तिथून किती लांब, हे त्यांनी विचारलंही नाही.

ते गेल्यावर काका म्हणाले, "सोनं आणायचं असेल." मला सोनं वाटलं नाही. सोनं आणणारा माणूस एवढा अस्वस्थ नसतो. मला वाटलं, हे तिकडं जाऊन परत येणार नाहीत. पण या वयात, ऊस टाकून? काही जुळत नव्हतं. जे जुळत नाही ते मला रात्री झोपू देत नाही.

पासपोर्टचा अर्ज गेला, आणि तो अडकला. पोलीस अहवालात लिहून आलं, की या नावाचा माणूस गावात राहत नाही. मी तात्यांना बोलावून घेतलं. त्यांनी कपाळावर हात मारला. झालं होतं असं, की जमादार सायकलवरून गावात आले आणि पारावर बसलेल्यांना विचारलं, बाजीराव कुठं राहतो. खाकी कपडे बघून पारावरच्यांना वाटलं, तात्यांवर काहीतरी बालंट आलंय. एकजात सगळ्यांनी सांगितलं, असला कोण माणूस आमच्या गावात न्हाई. चहावाल्यानं सांगितलं, न्हाव्यानं सांगितलं. सख्ख्या चुलतभावानं तर वर जमादारालाच विचारलं, "तुमी गाव चुकला न्हाईसा नव्हं?"

"लय माया करत्यात माझ्यावर," तात्या ओशाळून म्हणाले. दुसऱ्यांदा जमादार आले तेव्हा तात्या स्वतःच वेशीवर जाऊन उभे राहिले.

या धावपळीत एका दुपारी तात्यांची बायको एकटीच माडी चढून आली. नऊवारीचा पदर डोक्यावर, हातात पिशवी. बसा म्हटलं तरी बसेना. "ताई, खरं सांगा," त्या म्हणाल्या, "हे तिकडं कुणाकडं चाललंत? लढाईतली कोण हाय का?"

मी म्हटलं, "काकू, मलाही तेच कळत नाहीये." माझ्यासारखंच दुसरं कुणी संशयी भेटलं याचं मला बरं वाटलं, हे कबूल करते. आम्ही दोघींनी चहा घेतला आणि तर्क केले. त्यांचा इटलीवर भर होता, माझा जमिनीच्या एखाद्या भानगडीवर. इतक्यात तात्याच जिना चढून वर आले. बायकोला बघून ते दारातच थबकले.

"आवं, लपवून काय करतायसा?" काकू म्हणाल्या. "ताई काय खाणार हायत का तुमास्नी?"

मग सगळं बाहेर आलं. तात्यांना एकच मुलगी, मंदा. मिरजेला डॉक्टरकी शिकत होती, शेवटचं वर्ष. तिला स्थळ आलं होतं. मुलगा कोरेगावकडचा, इंजिनियर, पाच वर्षं लंडनला. घराणं माहितीतलं, मुलाचे वडील देवमाणूस. पण मुलगा तिकडं काय करतो, कसा राहतो, कुणी बघितलंय? कुणी गोरी घरात ठेवलेली असली तर? तेव्हा अशा एक-दोन गोष्टी आमच्या भागात घडल्याही होत्या. लग्न करून मुलगी तिकडं गेली आणि दार दुसऱ्याच बाईनं उघडलं.

"आमच्यात घर बघितल्याबिगर पोरगी देत न्हाईत," तात्या म्हणाले. "न सांगता जायाचं. शेजारी इचारायचं, वाणी इचारायचा, न्हावी इचारायचा. त्या घरचं पाणी प्यायचं न्हाई. पाणी पिलं की डोळा मिंधा हुतो. माझ्या भणीचं घर मी असंच बघितलं हुतं, कडेगावाकडं. लंडन तेवढं लांब हाय, एवढंच."

"आन् मला का सांगितलं न्हाई?" काकूंनी विचारलं.

"तुझ्या पोटात ऱ्हायलं नसतं. त्यांच्या कानावर गेलं असतं तर पोरगं सावध झालं नसतं का?"

आता मला कामाचा हुरूप आला. आयुष्यभर मी संशय घेत आले होते, पण तो असा शिस्तीत, तिकीट काढून कुणी घेतलेला पाहिला नव्हता. आमचं ऑफिस यात्रांचे कार्यक्रम आखायचं. हा कार्यक्रमही मी तसाच आखायला घेतला. मिरजेच्या एका डॉक्टरांकडून लंडनचा नकाशा मिळवला. ते तिथं काही वर्षं राहून आले होते आणि मंदाला शिकवतही होते. तात्यांचं खरं कारण मी त्यांना सांगितलं नाही, पण सहज विचारलं, की तिथं एखाद्या माणसाची चौकशी करायची तर शेजारी विचारावं का?

"शेजारी?" डॉक्टर हसले. "शेजाऱ्याला नाव माहीत असलं तरी खूप. आणि समोर उभं राहून घराकडं बघत राहिलात तर कुणीतरी पोलिसाला बोलावेल."

हे मी तात्यांना सांगितलं, तर ते विचारात पडले. "मंग इचारायचं कुणाला?"

मी म्हटलं, "वाण्याला. घरात माणसं किती, ते शेजाऱ्यापेक्षा वाण्याला जास्त कळतं. काय घेतो, किती घेतो, ते विचारा." तात्यांनी मान डोलावली. ही बाई आपल्यातलीच आहे, असं त्यांना तेव्हा पहिल्यांदा वाटलं असावं. तोवर ते मला बाई म्हणायचे, आता ताई म्हणू लागले. मग कार्यक्रम ठरला. शुक्रवारी पोचायचं, कारण शनिवार-रविवारी माणसं घरी असतात. जवळच एका लॉजमध्ये खोली. वाणी, धोबी, मग गल्ली. आणि विमानतळावर साहेबानं विचारलं तर राणीचा वाडा बघायला आलोय एवढंच म्हणायचं. ते वाक्य मी त्यांच्याकडून घोटून घेतलं. ते टाचा जुळवून म्हणून दाखवत, शेवटी "सर" जोडून.

आणि मग मंदा आली. पांढरा कोट हातावर टाकलेला, केसांची एकच घट्ट वेणी. वडिलांसारखीच कपाळाला आठी. "बाबा कशाला चाललेत ते मला आईनं सांगितलं," ती म्हणाली. "त्यांना नीट पोचवा, एवढंच सांगायला आलेय."

मला संशय आला. मुलगी एवढंच सांगायला मिरजेहून सांगलीला येत नाही. मी म्हटलं, "मुलगा पसंत आहे तुला?"

"फोटो एकदा बघितलाय."

"मग होकार?"

तिनं हातावरचा कोट टेबलावर ठेवला. मग म्हणाली, "ताई, मला तिथं शिकायचंय. मोठ्या हॉस्पिटलात, पुढचं शिक्षण. एकटीला बाबा कधी पाठवणार नाहीत. लग्न करून गेले तर जाता येईल. हे स्थळ मोडलं तर इस्लामपूरला दवाखाना काढून देतील आणि वर्षाच्या आत दुसरं बघतील. ऊसवाल्यांतलंच." जाताना जिन्याच्या तोंडाशी थांबून म्हणाली, "त्यांना तिथलं एखादं हॉस्पिटल दाखवता येईल का? नुसतं बाहेरून."

मी सोमवारच्या कार्यक्रमात एक भर घातली. राणीचा वाडा, आणि तिथून बस बदलायला एका मोठ्या हॉस्पिटलासमोर. बस तिथं बदलायची काही गरज नव्हती.

तात्या गेले, चार दिवस राहिले, आणि परत आले. आल्या आल्या ते माडीवरच आले, वहाणासुद्धा बदलल्या नव्हत्या. काका, मी आणि खालच्या दुकानातले दोघं, सगळे ऐकायला बसलो.

"शेजाऱ्याचं तुमी म्हणालात तेच," ते सांगू लागले. "एका अंगाला म्हातारी मडम. तिला नाव म्हाईत न्हाई. दुसऱ्या अंगाला पंजाबी, फौजेतली हिंदी चालली त्याच्याशी. तो म्हणतोय, कौन? तीन वरसं भिंतीला भिंत, आन् कौन. वाणी मात्र गुजराती. त्यानं बराबर सांगितलं. आठवड्याला दोन कांदे, एक पाव, तांदूळ. एकटाच गडी हाय म्हणाला. दोन कांद्यांत दुसरी बाई कशी जगंल?"

काकांनी हे अगदी मान्य केलं.

"म्हंजी पोरगं साफ. पण मला गोड वाटंना. वाईट बोलायलाबी कोण न्हाई, आन् चांगलं बोलायलाबी कोण न्हाई. गावात माझ्यासाठी माणसं पोलिसाशी खोटं बोलली. हितं ह्याचं नावच कुणाच्या तोंडात न्हाई. आखरीच्या दिशी सांजच्याला म्हटलं, जाऊ दे तो कायदा. गेलो आन् दार वाजवलं."

तात्या थांबले. पाणी मागितलं, प्याले.

"दार उघडलं त्यानं. माझा फेटा बघितला आन् मटकन् जिन्यावर बसलं पोरगं. म्हणतंय, 'आबा गेलं का?' फेटेवाला माणूस न सांगता दारात उभा म्हंजी घरची वाईट बातमी, आसं वाटलं त्याला. मी म्हणालो, न्हाई रं गड्या, समदी खुशाल हायत. तर रडाय लागलं. त्यानं मंग पाणी दिलं, आन् मी पिलं. मी कोण, कशाला आलोय, समदं सांगून टाकलं."

खाली दुकानात कापड फाडल्याचा आवाज आला. मलाही त्या न पाहिलेल्या मुलाबद्दल वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर तात्यांबद्दल प्रेम वाटलं.

"पोरगं सोनं हाय," तात्या म्हणाले. "आन् आनंदाची गोष्ट आयका. त्याला परत यायचंय. घरची म्हणत्यात, लोक नावं ठेवतील, लग्न कर म्हंजी तिथं जीव रमंल. मी म्हणालो, तू ये. मी बोलतो तुज्या आबाशी. येत्या साली येतोय, कोरेगावात वर्कशॉप टाकतोय. मंदी डोळ्यांसमोर ऱ्हाईल. ह्याहून काय पायजे?"

काकांनी पेढे आणायला माणूस पाठवला. मुलाला यायचं होतं, मुलीला जायचं होतं, आणि बापाला एवढं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "तात्या, मंदाला सांगितलंत?"

"सांगू की. तिचं भलंच हाय."

"आधी तिला विचारा."

त्यांचा चेहरा बदलला. जी नजर ते वाण्यावर आणि पंजाब्यावर रोखून आले होते ती आता माझ्यावर होती. "तुमी का म्हणताय असं? मिरजंत कोण हाय का तिचं?"

"तसलं काही नाही. पण विचारा."

त्यांचा विश्वास बसला नाही. दोन दिवसांनी ते काकूंना आणि मंदाला घेऊन आले. घरी विचारलं असतं तर मुलगी बोलली नसती, आणि मला काहीतरी ठाऊक आहे हे त्यांनी ओळखलं होतं. काकांना मी चहाच्या निमित्तानं खाली धाडलं. तात्या मंदाला म्हणाले, "बोल. ह्या ताईंच्या म्होरं बोल. कोण हाय?"

मंदानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, मी हिचा घात केला. मग ती बापाकडं वळली.

"कुणी नाही, बाबा. मला तो मुलगा नको होता. मला लंडन पाहिजे होतं. शिकायला. तो परत येणार असेल तर चांगलंच आहे त्याच्यासाठी. मी लग्न करणार नाही."

"माझ्याशी खोटं बोललीस तू," तात्या म्हणाले. आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळंच मला जास्त भीती वाटली.

"खरं बोलले असते तर पाठवलं असतंत?"

काकू पदर सावरत म्हणाल्या, "सात समुद्र वलांडून वाण्याला इचारून आलासा. पोरगी घरात बसली हुती. तिला न्हाई इचारलं."

तात्या उठले आणि जिना उतरून गेले. मागोमाग त्या दोघी.

पुढं कित्येक महिने मी पोस्टमन आला की त्याच्या हातातली लग्नपत्रिका आधी बघायची. पिवळ्या कडेची दिसली की उभ्या उभ्याच फोडून नाव बघायची. माझा संशय असा होता, की मुलीला शिक्षणातून काढलं असणार आणि कोरेगावला नाहीतर दुसरीकडं कुठंतरी उजवलं असणार. बाप प्रेमळ असला म्हणून काय झालं? प्रेमळ बापच अशा वेळी जास्त हट्टी होतात, हे मी आमच्या घरातच पाहिलं होतं. मला कुणी शिकवलं नाही आणि पुढं मी लग्न केलं नाही, ती निराळी गोष्ट. कोरेगावचा मुलगा परत आल्याचं कानावर आलं. त्याचं लग्नही झालं, पण मुलगी वाईची होती. मंदाचं काही कळेना. मिरजेच्या डॉक्टरांना विचारायचा धीर झाला नाही.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यात, आडसाली उसाच्या लागणीच्या दिवसांत तात्या माडी चढून आले. एकटेच. दम लागला होता. बसले, फेटा काढून मांडीवर ठेवला.

"त्या दवाखान्यासमोर तुमी मला मुद्दाम उतरवलं हुतं," ते म्हणाले. "कंडक्टरबी पंजाबी. तो म्हणाला, हितं बस बदलायचं काय कारण न्हाई."

मी टेबलावरचे कागद सारखे करू लागले.

"एक बाई बाहेर आली. साडी, वरनं कोट. आपल्याकडचीच कोणतरी. दोन गोरी पोरं तिच्या मागनं पळत हुती, वह्या घिऊन, ती काय सांगतीया ते लिवून घ्यायला. मी घरात कुणाला सांगितलं न्हाई त्ये. सांगितलं असतं तर मंदीला बळ आलं असतं." मग म्हणाले, "पास झाली ती. वरीसभर मिरजंच्या दवाखान्यात काम केलं. आता लंडनच्या दवाखान्याचं बोलावणं आलंय. तिकीट काढा."

"कुणाकुणाचं?"

"तिचंच."

मी परतीची तारीख विचारली. नुसतं जाण्याचं काढा, ते म्हणाले.

काकांनी खुणेनं मला आतल्या खोलीत बोलावलं. "शालन, नीट बघ," ते हळूच म्हणाले. "पोरगी एकटी, लग्न नाही, परतीचं तिकीट नाही. पळून चाललेली असेल."

"तिचा बाप बाहेर बसलाय, काका."

बाहेर येऊन मी तात्यांना समजावलं. दोन्हीकडचं एकदम काढलं तर सोयीचं पडतं, तारीख नंतर बदलता येते, तिथं उतरल्यावरही साहेब लोक कमी प्रश्न विचारतात. धंद्याचा नियमच आहे तसा. ते नीट ऐकत होते. मग म्हणाले, "व्हय, खरं हाय तुमचं. पण बांधून पाठवल्यागत वाटंल तिला. यायचं ते तिचं ती काढंल."

मी नाव लिहायला घेतलं. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, तरी खुर्ची पुढं ओढून ते टेबलावर वाकले आणि माझ्या पेनाकडं टक लावून बघत राहिले. पहिलं अक्षर काढलं तोच त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

"थांबा," ते म्हणाले. "नावाच्या आदी डॉक्टर लिवा."